नारायणाला सांगणार कोण

सकाळी गावाहून लातूरला आलेले मामंजी चपला न काढताच बैठकीत शिरले, तेव्हाच उज्वलानं ओळखलं की गाईनं घात केला.

तीन पोरं, तिघांच्या तोंडावर तुरीची पोती, डोळ्यांच्या जागी भोकं. मधे उभी राहून गळा फाडून गाणारी पोरगी कोण, गिटारवाला कोण, ड्रम बडवणारा कोण, हे महिनाभरात लातूरपासून नांदेडपर्यंत कुणालाही कळलं नव्हतं. बँडचं नाव 'तूरडाळ', एवढंच काय ते लोकांना ठाऊक. पण गाण्याचा व्हिडिओ काढला होता मुरुडजवळच्या शेषेरावांच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर, आणि मागं रवंथ करत बसली होती शेषेरावांची देवणी गाय. अंगानं पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, एक शिंग जरा आत वळलेलं. माणसांनी तोंडं झाकली, गाईचं झाकायचं राहिलं. शहरातल्या माणसाला गाय म्हणजे गाय. गावात मात्र माणसापेक्षा जनावराची ओळख पक्की असते. काल सप्ताह कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच होतं, "गाय अध्यक्षांची वाटते."

अध्यक्ष म्हणजे शेषेराव, उज्वलाचे मामंजी.

"साक्षी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"केस धुवून राहिली, मामंजी."

"आली की सांग तुझ्या लेकीला. एक, ते गाणं पुसून टाकायचं. दोन, आज संध्याकाळी मंगल कार्यालयात जो धिंगाणा हाय तो बंद. बंद म्हंजे बंद. आन् तिसरं..." इथं त्यांचा आवाज आपसूक खाली आला. "जावईबापू येऊन राहिले. त्यांच्या पुढ्यात ह्या गाण्याचा विषय निघाला न्हाई पायजे."

उज्वलानं नवऱ्याला शोधायला नजर फिरवली. हरिओम कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा आणि घरात भांडणाचा वास आला की गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला जायचा. टाकी बिचारी कधीची धड होती. आज तर मामंजींच्या जीपचा आवाज ऐकूनच तो वर गेला होता.

दिवसच तसा होता. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयांची चांदी करून जातो. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे तुपात भिजवून वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं, आणि त्या दिवशी जावई जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. शेषेरावांना जावई एकच, नांदेडचे साहेबराव. त्यांचा उपवासाच्या मालाचा होलसेल धंदा, साबुदाणा, भगर, शेंगदाणे. घरात एकुलता नारायण असला की सगळा मान एकाच पाटावर गोळा होतो आणि त्याला खाली उतरवायची कुणाची छाती होत नाही.

आणि पुसून टाकायचं ते गाणं तरी काय होतं?

पंगत तुमची, पावती तुमची,
हार तुमचे, शाल तुमची,
पोट बिघडलं की मर्जी देवाची!
सांगा राव, हाय का कोणी जबाबदार?
देवाला मधी घालू नका, यार!

दुसरं कडवं ड्रमवाल्या मुज्तबानं लिहिलं होतं, स्वतःच्या गल्लीतल्या उरूस कमिटीवर. कमिटीच्या जनरेटरनं गल्लीतले सगळे पंखे जाळले होते आणि विचारायला गेल्यावर हात वर केले होते.

मांडव तुमचा, माईक तुमचा,
जनरेटर तुमचा, पंखा आमचा,
जळून गेला की हुकूम वरचा!

पहिलं कडवं कुठून आलं हे उज्वलाला चांगलं ठाऊक होतं. गेल्या साली गावच्या सप्ताहात एकादशीच्या पंगतीला भगर-आमटी झाली आणि अर्धं गाव आडवं झालं. शाळेच्या व्हरांड्यात जागा पुरेना, म्हणून लिंबाच्या फांद्यांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. शेजारच्या रत्नम्माची बाटली धरून साक्षी रात्रभर बसली होती. पुढं सगळे बरे झाले. देवाची कृपा म्हणून कमिटीनं नारळ फोडला आणि कशानं झालं असं विचारणाऱ्याला सांगितलं, "पाणी बाधलं. देवानं परीक्षा पाहिली." प्रकरण तिथंच मिटलं.

साक्षीला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की पाणी बाधलं नव्हतं. भगर बाधली होती, आणि भगर दान दिली होती साहेबरावांनी. पोतं उसवलं तेव्हाच कुबट वास आला होता. "आत्याबाई, वास बरा न्हाई," उज्वला हळूच म्हणाली होती. सासूनं सासऱ्यांकडं बघितलं, सासऱ्यांनी आभाळाकडं. मग ते म्हणाले, "जावयानं दिलेल्या जिनसाला नाक मुरडत न्हाईत." आणि उज्वलानं मुकाट्यानं उलथणं हातात घेतलं. त्या कढईतली भगर तिनंच ढवळली होती. लेकीनं गाणं पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, दृष्ट काढली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उगाच उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

साहेबरावांनाही कुणी काही बोललं नाही. त्यांनाही "पाणी बाधलं" असंच कळवलं. जावयाला जाब विचारतात होय?

"अय्यो शिवा, नारायण आला!" खिडकीतून रत्नम्मा ओरडली. ही उदगीरकडची, उज्वलाच्या सासूची, सिंधुबाईंची जुनी मैत्रीण, धोंडे करायला मुद्दाम गावाहून आलेली.

खाली टेम्पो थांबला. अत्तराचा वास आधी वर आला, मागून साहेबराव, त्यांच्या मागून नव्या पैठणीत घामानं थबथबलेली त्यांची बायको, उज्वलाची नणंद वर्षाराणी. साहेबराव गडगडून हसत आत आले, सासूच्या पाया पडले, मेहुण्याच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, आंब्याची पेटी खाली ऱ्हायली बघा, कुणाला तरी पाठवा." कुणाला तरी म्हणजे उज्वलालाच जावं लागलं.

पार्किंगमध्ये ड्रायव्हर पेटी उतरवत होता. पेटीशेजारी दोन पोती होती.

"ही कशाची?"

"भगर हाय, ताई. सप्ताहाला. शेठनं सांगितलं, परवाच्या एकादशीला लागंल, मामांच्या जीपमधी टाका."

उज्वलानं पेटी बाजूला सरकवली, पोत्याची शिवण बोटानं सैल केली आणि नाक खाली नेलं. तोच वास. ओल धरलेल्या भिंतीचा, अंधाऱ्या कोपऱ्याचा. गेल्या साली तिनं तो घेतला आणि गप्प बसली. यंदा तिनं पेटी तिथंच सोडली.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत सिंधुबाई पुरण वाटत होत्या, रत्नम्मा कणकेच्या पाऱ्या करत होती आणि वर्षाराणी पंख्याखाली पदर सोडून बसली होती.

"आत्याबाई, खाली भगर आलीय. गेल्या सालासारखीच."

सिंधुबाईंचा हात पुरणातच थांबला. "हळू बोल."

"हळू बोलूनच अर्धं गाव झोपवलं आपण."

"वहिनी!" वर्षाराणी उठली. "आज माझ्या नवऱ्याचं धोंड्याचं जेवण हाय. आजच तुम्हाला वास यायला लागला का? तुमची पोरगी पोतं घालून गावभर नाचती, ते आम्ही पोटात घातलं ना?"

"ताई, पोटात तर आमीच घातलं," रत्नम्मा पारी थापत म्हणाली. "बाहेर बी आमीच काढलं."

सिंधुबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदरानं दाबलं. वर्षाराणीला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. "तुम्हाला काय ठाऊक, वहिनी. मला तवाच कळलं होतं. मी यांना सांगायला गेले तर दादा फोनवर म्हणले, नवऱ्याचा अपमान करशील तर माहेर तुटंल. मंग मी बी गप."

दादा म्हणजे शेषेराव, आणि ते दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"ती पोती मी ठिवून घेतो," ते सावकाश म्हणाले. "एकादशीला नवी भगर आणू. कुणाला कळायचं न्हाई, कुणाचं मन दुखायचं न्हाई. जावयाच्या पुढ्यात एक शब्द न्हाई."

"आन् पुढल्या साली, मामंजी? आणखी चार गावांत त्यांचा माल जातो."

इतक्या वर्षांत सुनेनं शेषेरावांना उलट प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळं सवय नव्हती. "पाट मांडा," एवढं म्हणून ते वळले. सासू हळूच सुनेला म्हणाली, "लेकीवाणी बोललीस गं, उज्वला. पण आज न्हाई. आज त्यो नारायण हाय."

नारायण पाटावर बसले. रांगोळी, समया, चांदीचं ताट. साहेबरावांनी रेशमी सोवळं नेसलं होतं आणि सोवळ्याच्या वर बनियन, कारण लातूरच्या उन्हाळ्यात देवालासुद्धा उकडतं. वर्षाराणी शेजारी बसली. सिंधुबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, हार घातला, ओवाळायला निरांजन उचललं. शेषेराव हात जोडून उभे. हरिओमला गच्चीवरून ओढून आणलं होतं. साक्षी ओल्या केसांनी कोशिंबिरीची वाटी धरून कोपऱ्यात, तोंडाला कुलूप. उज्वला तुपाचं भांडं घेऊन मागं.

तेवढ्यात साहेबरावांच्या सोवळ्याच्या कनवटीत फोन वाजला.

पंगत तुमची, पावती तुमची...

निरांजनाची ज्योत हलली. शेषेरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. हरिओमनं दाराकडं, म्हणजे टाकीच्या दिशेनं बघितलं. साहेबराव मात्र फोन न उचलता डोळे मिटून मान हलवायला लागले, आणि "पोट बिघडलं की मर्जी देवाची!" ही ओळ त्यांनी बसल्या जागी खांदे उडवत, ताटावर बोटं वाजवत, संपूर्ण म्हटली.

"ऐकलं का मामा हे गाणं?" ते शेषेरावांना म्हणाले. "अरारारा! काय लिवलंय! आमच्या गल्लीतल्या उत्सव मंडळानं माझ्या गोदामाच्या शटरपुढं स्टेज ठोकलं. आठ दिवस शटर उघडंना. विचाराय गेलो तर म्हणले, देवाचं काम हाय शेठ. मी त्याच्या अध्यक्षाला हे गाणं रोज सकाळी पाठवतो. रोज! नांदेडमधी असा एक व्यापारी न्हाई ज्याला मी हे पाठवलं न्हाई."

शेषेरावांचा चेहरा कडू काढा प्याल्यासारखा झाला.

"वाण काय पायजे तुम्हाला, जावईबापू?" सिंधुबाईंनी घाईघाईनं विषय बदलला. "काय हवं ते मागा."

"मामी, खरं सांगू? सोनं नको, चांदी नको. ह्या पोरांचा आज संध्याकाळी लातुरात कार्यक्रम हाय. मी सगळ्यांची तिकिटं काढून आणली. सगळ्या घरानं यायचं. आन् ती गाणारी पोरगी कुणाची हाय ती मला बघायची. तिच्या आईच्या पाया पडायचं म्हणतो मी!"

उज्वलाच्या हातातलं तूप साहेबरावांच्या धोंड्यावर पडायचं ते वर्षाराणीच्या पैठणीवर पडलं.

साक्षीनं आजोबांकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मग ओठ घट्ट धरूनही तिला हसू आवरेना. "मामा," ती साहेबरावांना म्हणाली, "आईच्या पाया पडा मग. ती पोरगी मी हाय."

पुढचा काही वेळ त्या घरात नुसता कल्ला झाला. साहेबराव पाटावरच डुलायला लागले. "तू? आपली साक्षी? आन् मी अख्ख्या नांदेडला विचारून राहिलो!" त्यांनी खरंच उज्वलाच्या पायाकडं हात नेला, ती दोन पावलं मागं सरली, मागं समई, समई सावरायला हरिओम, हरिओमच्या पायाखाली कोशिंबीर. रत्नम्मा टाळ्या पिटत होती. सिंधुबाई हसू लपवायचं सोडून उघड हसत होत्या. वर्षाराणीसुद्धा तुपाचा डाग विसरून हसली. एकटे शेषेराव हसत नव्हते, आणि उज्वलाला त्या क्षणी त्यांची कीव आली, कारण पुढं काय येणार हे त्या दोघांनाच दिसत होतं.

"पण मला सांग पोरी," डोळे पुसत साहेबरावांनी विचारलं, "हे गाणं कोणत्या सप्ताहाचं?"

"आपल्याच, मामा. गेल्या सालच्या."

"ते तर पाणी बाधलं ना?"

हसू एकदम ओसरलं. शेषेराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. सिंधुबाईंनी ताटातली मिठाची वाटी उगाच सरळ केली. खाली दुपारची उशिरा आलेली घंटागाडी आपली धून वाजवत गल्लीत वळली.

उज्वलानं तुपाचं भांडं खाली ठेवलं. आपण आत्ता बोललो नाही तर परवा पुन्हा लिंबाला बाटल्या टांगाव्या लागतील, आणि लेकीच्या गाण्याला पुन्हा कधी टाळ्या वाजवायचं तोंड राहणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

"दाजी, पाणी न्हाई बाधलं. भगर बाधली. तुमी दिलेली. कुबट होती, मला कळलं होतं, तरी मीच ढवळली. आन् खाली जी दोन पोती आणलीत ना, त्यांना बी तोच वास हाय."

साहेबरावांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते उठले. धोंड्याच्या दिवशी, भरल्या ताटावरून, एक घासही न घेता जावई पाटावरून उठला. सिंधुबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. साहेबराव सोवळं दोन्ही हातांनी वर धरून, अनवाणी, धाडधाड जिना उतरले.

सगळे गॅलरीत धावले. खाली साहेबराव पोत्यात डोकं घालून उभे होते. त्यांनी मूठभर भगर नाकाला लावली. एकदा, परत एकदा. मग त्यांनी पोतं खांद्यावर मारलं आणि कपाळाला कुंकू, गळ्यात हार, अंगात बनियन अशा थाटात घंटागाडीमागं पळत सुटले.

"ओ! ओ गाडीवाले! थांबा!"

"दुसरं मी आणतो, दाजी!" हरिओम ओरडला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच उज्वलानं आपल्या नवऱ्याला भांडणाच्या दिशेनं पळताना पाहिलं. गल्लीतली पोरं गोळा झाली. कुणीतरी मोबाईल काढला. दोन्ही पोती ओल्या कचऱ्यात गेली, आणि घंटागाडी धून वाजवत पुढं निघून गेली.

साहेबराव धापा टाकत परत आले ते थेट सासऱ्यांसमोर उभे राहिले.

"मामा, माझ्या गोदामात मागचा एक कोपरा हाय. भिंत ओल धरती. जो माल खपत न्हाई तो तिथं पडतो, आन् कुणी दान मागितलं की मी म्हणतो, जा रे, मागल्या कोपऱ्यातलं दे. धर्माची गाय आन् दात का गं न्हाईत! बाजारात सगळेच असं करतेत, म्हणून मला काही वाटलं न्हाई. ते माझं पाप. पण तुमी? एक साल झालं. मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?"

"जावई हाव तुमी," शेषेराव पुटपुटले. "जावयाला कसं..."

"पाटावर बसवून तुमी मला मूर्ती केलं. मूर्तीला कोणी सांगत न्हाई तिच्यावर माशा बसल्यात म्हणून! महिनाभर मी लोकांना इचारून राहिलो, हाय का कोणी जबाबदार, आन् त्यो मीच निघालो!" बोलता बोलता साहेबरावांना हसू यायला लागलं, मोठ्यानं, पोट धरून, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मामा, एवढंच सांगा. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव," शेषेराव म्हणाले. मग ते गच्चीवर गेले. टाकीला आज खरंच सोबत मिळाली.

साहेबराव पाटावर परत बसले. "मामी, वाढा. आन् आता मी नारायण न्हाई, नुसता भुकेला माणूस हाय." त्यांनी चार धोंडे खाल्ले.

साक्षी मात्र जेवली नाही. आतल्या खोलीत पोतं मांडीवर घेऊन बसली होती. उज्वला आत गेली तेव्हा तिनं वर पाहिलं नाही.

"आई, मी आज गात न्हाई. आपलीच भगर, आपलीच कढई. लोकांना कोणत्या तोंडानं इचारू?"

उज्वलाला दार लावून घ्यावंसं वाटलं, मोरीत जाऊन नळ सोडावासा वाटला. पण ती लेकीशेजारी बसली आणि तिनं ते पोतं स्वतःच्या हातात घेतलं.

"ढवळली मी, तू न्हाई. मला बी झोंबंल असं गा. पण ह्याच्याशिवाय गा. उघड्या तोंडानं."

दारात मुज्तबा येऊन उभा होता, काखेत काठ्या. "काकू, अब्बानं साउंड लावून ठेवलाय. आन् ते म्हणले, दुसरं कडवं जोरात म्हणा. उरूस कमिटी बी आलीय, आन् आमच्या गल्लीची पब्लिक बी. पंखे घेऊन!"

"कशाला?"

"दाखवायला. जळालेले."

मग मात्र साक्षीही हसली.

गंजगोलाईच्या बाजारपेठेपलीकडच्या त्या मंगल कार्यालयात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोचिंग क्लासची पोरं, आडतीतले हमाल, डाळ मिलच्या बाया, नांदेडहून साहेबरावांनी बोलावलेले दोन व्यापारी. पुढच्या रांगेत सिंधुबाई, रत्नम्मा, वर्षाराणी, मधोमध साहेबराव, अजून कपाळाला कुंकू. मामंजींची खुर्ची रिकामी होती. दुपारी गच्चीवरून उतरले ते जीप घेऊन कुठं गेले, कुणाला सांगितलं नव्हतं.

साक्षी स्टेजवर आली. उघड्या तोंडानं. शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. गिटारवाल्या शिवमनंही पोतं काढून फेकलं, मुज्तबानं काढलं, आणि ड्रम सुरू झाला तसे उज्वलाचे पाय तिच्या नकळत हलायला लागले. शेजारी सिंधुबाई टाळ्या वाजवत होत्या, तालात नाही, पण जोरात. ह्या गाण्याची आता रीतच पडून गेली होती. साक्षीनं विचारायचं, "सांगा राव, हाय का कोणी जबाबदार?" आणि ड्रम थांबायचा, आणि सगळ्या लोकांनी एका आवाजात ओरडायचं, "न्हाई!"

पहिल्या कडव्याला लोक ओरडले, "न्हाई!" दुसऱ्या कडव्याला जळालेले पंखे उंच झाले, आणि लोक आणखी जोरात ओरडले, "न्हाई!"

शेवटची फेरी आली. ड्रम थांबला.

"सांगा राव, हाय का कोणी जबाबदार?"

"हाय!"

आवाज मागच्या दारातून आला. सप्ताहात माईकशिवाय अख्ख्या गावाला ऐकू जाणारा तोच आवाज. शेषेराव मधल्या वाटेनं चालत आले, डोक्याला सप्ताहातला केशरी फेटा, मागं कमिटीचे चार-पाच जण, चेहरे पडलेले. साउंडच्या टेबलाशी मुज्तबाचे वडील मोहियोद्दीन बसले होते. बारा सप्ताहांना त्यांनीच माईक लावला होता. त्यांनी सवयीनं एक माईक पुढं केला आणि सवयीनंच विचारलं, "अध्यक्षसाब, आवाज बराबर?"

"हॅलो. हॅलो." शेषेरावांनी माईकवर बोट वाजवलं. "मी हाय. भगर कुबट होती, मला ठाऊक होतं. पाणी बाधलं म्हणून मी खोटं बोललो. देवाला मधी घातलं ते बी मीच. गावात आत्ता पारावर हेच सांगून आलो. परवाच्या एकादशीला पयलं ताट माझं. मी खाईन, तासभर बसंन. मला काही झालं न्हाई तरच पंगत बसंल. इथून पुढं दर सालाला. जो अध्यक्ष, त्याचं ताट पयलं."

"दुसरं माझं!" साहेबराव खुर्चीवर उभे राहिले, आणि खुर्ची करकरली. "भगर नवी, पोतं सगळ्यांसमोर उसवायचं!"

"अय्यो!" रत्नम्मा ओरडली. "मंग सकाळीच जेवा की दोघं! आमाला बी भुका लागत्यात!"

मंगल कार्यालय हसण्यानं हादरलं. उरूस कमिटीच्या माणसांकडं त्यांच्याच गल्लीतली माणसं पंखे रोखून बघायला लागली, तसे ते खाली बघायला लागले. मोहियोद्दीन माईक हातात धरून त्यांच्याकडं निघाले होते. त्या गोंधळात उज्वला कधी उभी राहिली तिचं तिला कळलं नाही. "तिसरं माझं," ती म्हणाली. माईक नव्हता, कुणी ऐकलं नसेल. पण साक्षी तिच्याकडंच बघत होती, आणि लेकीला आईचे ओठ वाचता येतात.

मुज्तबानं काठ्या उचलल्या, ड्रम धडाडला, शिवमनं गिटार छेडली. सगळे साक्षीकडं बघायला लागले. साक्षीनं माईक तोंडाशी नेला, तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिली, हसत, डोळ्यांतून पाणी गळत. पुढची ओळच नव्हती. कोणी "हाय" म्हटलं तर काय गायचं, हे त्या पोरांनी लिहिलंच नव्हतं.